लंडनमध्ये डी-मार्ट कुठे आहे?

परदेशात शिकायला निघालेल्या पोरापोरींचे जे व्हॉट्सॲप ग्रुप असतात, त्यांत ऑगस्टच्या सुमारास एक प्रश्न हमखास येतो. व्हिसा हातात आलेला असतो, तिकीट काढून झालेलं असतं, आई "कुकर घेतला का, मसाला घेतला का" म्हणून मागे लागलेली असते. आणि मग कुणीतरी विचारतं, "भाई, लंडनमध्ये डी-मार्टसारखं काय आहे?"

वाचून हसू येतं. पण त्या अख्ख्या ग्रुपमधला सगळ्यात शहाणा प्रश्न तोच असतो. टॉवर ब्रिजचे फोटो कुठून चांगले येतात, हे कुणीही सांगेल. पाच किलो तांदूळ, तेलाची बाटली, पांघरूण आणि एक तवा हे सगळं पन्नास पौंडांच्या आत कुठे मिळेल, हे सांगणारा माणूस पहिल्या आठवड्यात देवासारखा वाटतो.

समजा, हा प्रश्न विचारणारा पोरगा अनसिंगचा आहे. वाशिम-पुसद रस्त्यावरचं मोठं गाव. घरी थोडीफार शेती, पीक सोयाबीन. एरवीचा किराणा गावातल्या दुकानातून, वेळप्रसंगी उधारीवर. लग्नाचा बस्ता किंवा दिवाळीची मोठी खरेदी असली की वाशिम गाठायचं. या पोराला एक गोष्ट कुणी शिकवावी लागत नाही. वाशिमला वस्तू वीस रुपयांनी स्वस्त मिळाली, तरी जाण्यायेण्याचं भाडं आणि मोडलेला अर्धा दिवस त्यात धरायचा असतो. लंडनमध्ये नेमकं हेच गणित लागतं. पुण्या-मुंबईत वाढलेल्या, ॲपवरून दहा मिनिटांत दूध मागवायची सवय झालेल्या पोरांना ते उलट उशिरा कळतं.

त्याची अडचण वेगळ्याच जागी होते. आपल्याकडे प्रत्येक पाकिटावर एमआरपी छापलेली असते. अनसिंगच्या दुकानात बिस्किटाचा पुडा जेवढ्याला, फार तर तेवढ्यालाच नागपूरच्या मॉलमध्ये. डी-मार्टचा सगळा खेळ या छापील किमतीच्या खाली किती जायचं याचा. बिलाच्या तळाशी 'तुमची बचत इतके रुपये' असं येतं, ते एमआरपीच्या हिशोबाने. ब्रिटनमध्ये बहुतेक पाकिटांवर असा आकडाच नसतो. उत्पादकाने दुकानदारावर विक्रीची किंमत लादणं तिथल्या स्पर्धा कायद्यात बसत नाही. म्हणजे तीच दुधाची बाटली स्टेशनबाहेरच्या छोट्या दुकानात एका भावाला, पुढच्या गल्लीतल्या मोठ्या दुकानात दुसऱ्या भावाला, आणि दोन्ही भाव कायदेशीर! छापील किंमत म्हणजे गिऱ्हाइकाचा आधार. तो गेला की कुठे जायचं हे माहीत असण्यालाच किंमत येते.

तर जायचं कुठे? नावं तशी चार-पाचच आहेत, आणि ती स्वस्त का आहेत हे समजून घेतलं तर पुढे कुठल्याही शहरात उपयोगी पडतं.

पहिली दोन जर्मन. ॲल्डी आणि लिडल. ॲल्डीची सुरुवात एसेन शहरातल्या एका छोट्या किराणा दुकानातून झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर कार्ल आणि थिओ आल्ब्रेख्ट या भावांनी आईचं हे दुकान हाती घेतलं. 'आल्ब्रेख्ट डिस्काउंट'चं आखूड रूप म्हणजे ॲल्डी. (दुकानात सिगारेट ठेवायच्या की नाहीत यावरून भावांचं बिनसलं आणि १९६०च्या सुमारास धंद्याच्या वाटण्या झाल्या. आपल्याकडे बांधावरून होतात, तशाच.) ॲल्डी ब्रिटनमध्ये आली १९९०मध्ये, लिडल १९९४मध्ये. सुरुवातीला तिथल्या मध्यमवर्गाने नाकं मुरडली. २०२२मध्ये ॲल्डी मॉरिसन्सला मागे टाकून देशातली चौथ्या क्रमांकाची किराणा साखळी झाली. 'विच' नावाची ग्राहक संस्था दर महिन्याला सगळ्या साखळ्यांच्या भावांची तुलना करते. तिच्या यादीत बहुतेक वेळा ॲल्डी सगळ्यात स्वस्त असते आणि लिडल तिच्या पाठोपाठ.

ही स्वस्ताई काही दयेपोटी आलेली नाही. मोठ्या सुपरमार्केटमध्ये वीस-तीस हजार वेगवेगळ्या वस्तू असतात, तर ॲल्डीत साधारण दोन हजार. केचप घ्यायचं तर दहा कंपन्यांचं नाही. एक-दोनच, तेही बहुतेक त्यांच्या स्वतःच्या नावाचं. एकच वस्तू प्रचंड प्रमाणात उचलली की भाव पाडून मिळतो. खोकी आली तशीच फोडून फळीवर लावतात, मांडणीवर माणसं खर्च करत नाहीत. पाकिटाच्या अनेक बाजूंना बारकोड असतो, त्यामुळे काउंटरवरचा माणूस इतक्या झपाट्याने स्कॅन करतो की नवखा माणूस पिशवी उघडेपर्यंत सामानाचा ढीग झालेला असतो. डी-मार्टने दुसरा रस्ता धरला. २००२मध्ये पवईत पहिलं दुकान काढल्यापासून राधाकिशन दमाणींनी शक्य तिथे जागा भाड्याने न घेता विकतच घेतली. रस्ते वेगळे, पण खर्च कापायचा आणि तो भावात उतरवायचा, हे सूत्र दोन्हीकडे एकच.

बाकीची नावं पटकन. सगळं एका छपराखाली हवं असेल तर ॲस्डाची मोठी दुकानं. भांडी, साबण, चादरींसाठी बी अँड एम (भारतीय वंशाच्या अरोरा बंधूंनी २००४मध्ये घेतलेली आणि वाढवलेली साखळी), कपड्यांना प्रायमार्क, फर्निचरला आयकिया. पौंडलँडचं नाव जुने लोक सांगतील. १९९०मध्ये 'सगळं एका पौंडात' म्हणून निघालेली ही साखळी २०२५च्या जूनमध्ये स्वतःच नाममात्र एका पौंडाला विकली गेली. त्याआधी २०२३मध्ये विल्को बुडाली. स्वस्त विकणाऱ्यांचंही सोपं नसतं.

तूरडाळ, पोहे, ज्वारीचं पीठ यांसाठी वेम्बलीचा ईलिंग रोड, साउथॉल, टूटिंग, ईस्ट हॅम. वेम्बलीपासून जवळच डॉलिस हिलला १९३२मध्ये स्थापन झालेल्या लंडनच्या महाराष्ट्र मंडळाची वास्तू आहे. त्यामुळे पीठ आणायला गेलेला माणूस गणपतीत तिकडेही डोकावू शकतो.

आता अडचण. यातलं बरंचसं विद्यापीठाजवळ नाही.

डिस्काउंट दुकानाला प्रशस्त जागा लागते आणि ती कमी भाड्यात लागते. मध्य लंडनमध्ये या दोन गोष्टी एकत्र सापडत नाहीत. टॉटनहॅम कोर्ट रोडवर लिडल आली, ॲल्डीने 'ॲल्डी लोकल' नावाने छोटी दुकानं काढली, पण एकूण चित्र तेच. कॉलेजच्या आसपास दिसतात टेस्को एक्स्प्रेस, सेन्सबरीज लोकल अशा छोट्या पाट्या. नाव मोठ्या दुकानाचंच, भाव मात्र मोठ्या दुकानाचे नाहीत. नवीन पोरगा 'टेस्को म्हणजे टेस्को' समजून तिथेच महिनाभर किराणा भरतो.

त्यात रविवार. इंग्लंड-वेल्समध्ये १९९४च्या कायद्याने २८० चौरस मीटरहून मोठ्या दुकानांना रविवारी फक्त सहा तास उघडं राहता येतं. शनिवारी रात्री विमानातून उतरलेला, रविवारी दुपारी उठलेला पोरगा संध्याकाळी पाचला ॲस्डाच्या दारात पोचतो तेव्हा शटर खाली असतं. उघडं असतं ते कोपऱ्यावरचं महाग दुकान.

यावर तिथल्या पोरांनी शोधलेले उपाय आहेत. लंडनच्या बसचं एका वेळचं भाडं २०२३ मध्ये १.७५ पौंड झालं. पण कार्ड एकदा टेकवल्यापासून तासाभरात कितीही बसमध्ये चढलात तरी परत पैसे कापत नाहीत. म्हणजे बसने लिडल गाठायची, पस्तीस मिनिटांत खरेदी उरकायची आणि तास भरायच्या आत परतीच्या बसमध्ये चढायचं. जाण्यायेण्याचं मिळून एकच भाडं. संध्याकाळी उशिरा गेलं तर त्या दिवशी तारीख संपणाऱ्या वस्तूंवर उतरलेल्या भावाचं स्टिकर लागलेलं असतं. टेस्कोचं क्लबकार्ड फुकट मिळतं आणि ते नसेल तर त्याच वस्तूला जास्त पैसे पडतात. ही सवलत खोटी तर नाही ना, म्हणून ब्रिटनच्या स्पर्धा आयोगाने चौकशी केली. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये निष्कर्ष आला, तपासलेल्यांपैकी ९२ टक्के सवलती खऱ्या निघाल्या. आणि फळीवरच्या चिठ्ठीत बारीक अक्षरात '१०० ग्रॅमला इतके' असं लिहिलेलं असतं, ते वाचायचं. आपल्याकडेही पाकिटावर असा युनिटचा भाव छापणं आता बंधनकारक आहे, फक्त तो आपण बघत नाही.

न्यूयॉर्कला जाणाऱ्यांसाठी एक वेगळाच धक्का आहे. वॉलमार्ट म्हणजे अमेरिका, असं आपण धरून चालतो. पण न्यूयॉर्क शहराच्या पाचही विभागांत मिळून एकही वॉलमार्ट नाही. कंपनीने प्रयत्न केले. कामगार संघटना, छोटे दुकानदार आणि नगरसेवकांनी हाणून पाडले. ब्रुकलिनच्या ईस्ट न्यूयॉर्क भागातला बेतही २०१२ मध्ये बारगळला. जगातलं सगळ्यात मोठं स्वस्त दुकान बघायचं तर नदी ओलांडून न्यू जर्सीत जायचं! विरोध करणाऱ्यांचं म्हणणं चुकीचं होतं असं नाही. तसं दुकान आलं की गल्लीतली दुकानं आणि त्यांतल्या नोकऱ्या जातात, हे अमेरिकेतल्या लहान गावांनी पाहिलंय. पण त्या लढाईत महिन्याला मोजके डॉलर मिळणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याची बाजू कुणी मांडत नसतं.

इथवर वाचून वाटेल की दुकान सापडलं म्हणजे प्रश्न सुटला. आता पैशांचा हिशोब मांडू.

पौंड सध्या १२० रुपयांच्या आसपास आहे. समजा, आपला पोरगा महिन्याला १६० पौंडांचा किराणा भरतो. एक्स्प्रेस दुकानं सोडून तो ॲल्डी-लिडलला गेला आणि पंधरा-सोळा टक्के वाचले, तर महिन्याला २५ पौंड. म्हणजे तीन हजार रुपये. अनसिंगच्या भाषेत सांगायचं तर २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये, म्हणजे अर्ध्या क्विंटलहून जास्त. (हमीभाव प्रत्यक्ष हातात पडतोच असं नाही, हे अनसिंगात कुणाला सांगायला नको.) घरच्यांसाठी ही रक्कम मोठी आहे. दर महिन्याला अर्धं पोतं वाचवणारा पोरगा नक्कीच हुशार.

पण ब्रिटिश सरकार स्वतः काय म्हणतं ते बघा. विद्यार्थी व्हिसासाठी राहण्या-खाण्याचे पैसे दाखवावे लागतात. ११ नोव्हेंबर २०२५ पासून तो आकडा लंडनमध्ये महिन्याला १,५२९ पौंड आणि लंडनबाहेर १,१७१ पौंड झाला आहे. दोन्हींत फरक ३५८ पौंडांचा, साधारण ४३ हजार रुपये. हमीभावाने आठ क्विंटल सोयाबीन. बऱ्यापैकी पिकलेल्या एका एकराचा माल, दर महिन्याला. ॲल्डी शोधून २५ वाचतात. शहर बदललं की ३५८.

आता याला शिष्यवृत्ती जोडा. केंद्र सरकारची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्ती अनुसूचित जाती, भटक्या-विमुक्त जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागिरांच्या मुलांसाठी आहे. वर्षाला १२५ जागा. फी आणि विमानभाडं सरकार देतं, ही मोठीच गोष्ट आहे. पण निर्वाहभत्त्याचा आकडा तिच्या नियमांत वर्षानुवर्षं एकच छापला गेला: ब्रिटनसाठी वर्षाला ९,९०० पौंड, अमेरिका आणि इतर देशांसाठी १५,४०० डॉलर. ब्रिटनचे महिन्याला झाले ८२५ पौंड. किरकोळ खर्चाचे वर्षाला १,१०० पौंड वेगळे मिळतात, ते धरले तरी ९१७च्या आत. लंडनला लागतात १,५२९. म्हणजे खड्डा सहाशे पौंडांहून खोल, आणि तो २५-२५ पौंडांनी भरायचा!

अजून एक आकडा. युनिपोल आणि हेपी या संस्थांच्या पाहणीनुसार २०२४-२५ मध्ये लंडनमधल्या विद्यार्थी-निवासांचं सरासरी भाडं वर्षाला १३,५९५ पौंड होतं. नुसतं भाडंच पूर्ण भत्त्याहून जास्त. तेव्हा तो पोरगा विद्यापीठाजवळ राहूच शकत नाही. तो तिसऱ्या-चौथ्या झोनमध्ये कुणाच्या तरी घरात खोली वाटून घेतो. गंमत म्हणजे तिथे लिडल सापडते, कारण दोघांनाही एकाच कारणाने शहराच्या कडेला ढकललेलं असतं. मग रोजचा दीड-दोन तासांचा प्रवास आणि आठवड्याला वीस तासांची अर्धवेळ नोकरी, त्याहून जास्त तासांना सत्र चालू असताना परवानगी नाही. ही नोकरी बऱ्याचदा अशाच एखाद्या दुकानात मिळते. तांदूळ घ्यायला गेलेला पोरगा महिन्याभराने तिथेच तांदळाची खोकी फोडत असतो. त्यात कमीपणा काहीच नाही. पण सरकारने त्याला लायब्ररीत बसायला पाठवलं होतं.

याला आपल्याकडे एक जुना दाखला आहे. १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबियाला पाठवलं ते महिन्याला साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. पुढे १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले ते स्वतःची बचत, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राने दिलेलं कर्ज यांवर. धनंजय कीर यांच्या चरित्रात त्या दिवसांचं वर्णन आहे; रात्री भूक असह्य झाली की एका परिचिताने दिलेले पापड भाजून दुधाच्या कपाबरोबर खायचे. प्रिमरोझ हिलजवळचं, किंग हेन्रीज रोडवरचं १० नंबरचं ते घर २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने विकत घेतलं. दरवर्षी कितीतरी मराठी विद्यार्थी तिथे जाऊन फोटो काढतात. आपण ही गोष्ट जिद्दीची म्हणून सांगतो आणि ती आहेच. पण शंभर वर्षांनी सरकारी भत्त्यावर गेलेल्या पोरानेही पापडावरच रात्र काढावी, असा तिचा अर्थ लावायचं कारण नाही.

भत्ता कसा ठरवावा याचं उत्तर काही अवघड नाही. ब्रिटिश सरकारने लंडन आणि लंडनबाहेर असे दोन आकडे केले आहेत आणि ते वेळोवेळी वाढवतं. आपल्याला तेच आकडे उचलता येतील. जर्मनीने मात्र आपल्यासारखंच केलंय: ब्लॉक्ड अकाउंटसाठी महिन्याला ९९२ युरो, मग तुम्ही महागड्या म्युनिकला जा नाहीतर स्वस्तातल्या लाइपझिगला. पण तिथे निदान सरकारी विद्यापीठांत फी बहुतेक ठिकाणी नसते आणि ॲल्डी कोपऱ्याकोपऱ्यावर असते.

भत्ता वाढेपर्यंत तरी पैसे वेळेवर यावेत, तर त्याचाही भरवसा नाही. २०२५ च्या जुलैत या शिष्यवृत्तीसाठी निवडलेल्या १०६ विद्यार्थ्यांपैकी आधी फक्त चाळीस जणांना पत्रं गेली, बाकीच्यांना 'निधी उपलब्ध झाला तर' असं कळवलं. बातम्या आल्या, ओरड झाली, मग उरलेल्या ६६ जणांचा मार्ग मोकळा झाला. मधल्या दिवसांत त्या घरांमध्ये काय झालं असेल, ते वाशिमसारख्या जिल्ह्यात राहणाऱ्याला कळतं. नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातले चारच जिल्हे आहेत, त्यात आपलं नाव आहे. इथून लंडनला निघालेल्या पोरामागे पैसे पाठवायला काका-मामा परदेशात बसलेले नसतात.

तेव्हा अर्ज भरणाऱ्यांनी डी-मार्टचा प्रश्न ऑगस्टमध्ये विचारू नये, डिसेंबरमध्ये विचारावा; विद्यापीठांची यादी करतानाच. केंद्राच्या योजनेत क्यूएस क्रमवारीत पहिल्या पाचशेतलं विद्यापीठ लागतं. लंडनच्या नावाची भुरळ पडते हे खरं, पण लीड्स, ग्लासगो ही विद्यापीठं त्याच यादीत पहिल्या शंभरात आहेत आणि दोन्ही लंडनबाहेरच्या दरात बसतात. तुमचा विषय खरोखर लंडनमध्येच उत्तम शिकवला जात असेल तर जरूर जा, पण ३५८ पौंडांचा फरक आधी घरी वहीवर मांडून. घरच्यांना पौंड कळत नसतील तर क्विंटलमध्ये मांडा.

आणि नकाशा उघडा. विद्यापीठाच्या नावावर एक खूण, परवडणाऱ्या खोलीवर दुसरी, जवळच्या ॲल्डी किंवा लिडलवर तिसरी. तिघांमध्ये किती बस बदलाव्या लागतात ते मोजा. रात्री फोनवर आई विचारेल, "जेवला का रे बाबू, काय केलं आज?" तेव्हा तिला खरं सांगता येईल की नाही, ते बरंचसं या तीन खुणांवर ठरणार आहे.